जुनी जीप, मोजके सामान

महिंद्रांनी १९४७ मध्ये भारतात विलीज जीपची जोडणी सुरू केली. बारामती-इंदापूरकडील व्यापारी घरांनी पुढे जीपकडे पाहिले ते चैनीची नव्हे, कामाची गाडी म्हणून. आज तिच्याच वंशातील एखादी जुनी बोलेरो गोदामाशेजारी उभी असते आणि घरातील तरुण मंडळी तंबू घेऊन तिच्यातून प्रवासाला निघू पाहतात. हौस चांगली आहे. खर्चाचा क्रम मात्र बहुधा चुकतो. छतावरचा कॅरियर आणि दिव्यांची पट्टी आधी येते, ब्रेकचे तेल जुनेच राहते.

पहिली नोंद कागदांची असावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ५ वर्षांचे नूतनीकरण मिळते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदणीत मनाजोगे फेरफार चालत नाहीत. पुढे बसविल्या जाणाऱ्या जाड लोखंडी गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते.

दुसरी नोंद दुरुस्तीची. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. घाटाच्या लांब उतारावर ते तापून उकळले की पेडल पोकळ लागते. रेडिएटरच्या रबरी नळ्या आणि इंजिनचा पट्टा बदलून घ्यावा. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी वयाबरोबर रबर कडक होते. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ मधील २३ वा आठवडा.

सामानाची पाळी त्यानंतर येते. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन म्हणजे ४० किलो वजन. ते छतावर चढविले की मुळातच उंच असलेली गाडी वळणावर अधिक कलते. जड वस्तू खाली, आसनांलगत, घट्ट बांधून ठेवाव्यात. रात्रीच्या दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असावी, नाहीतर सकाळी इंजिन सुरू होत नाही. गाडीला फोर व्हील ड्राइव्ह असल्यास ते कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि त्याचा ताण गिअरवर येतो.

पहिला प्रवास जवळचा बरा. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. तेथे एका रात्रीत गाडीची आणि सामानाची परीक्षा होते. जमीनमालकाची अनुमती आधी घ्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम असलेल्या घराने दुपारी चारलाच मुक्कामी पोहोचावे. पाऊस झालेला असेल, तर काळ्या रानात शिरू नये. ती माती चाकांना लिंपते आणि मग इंजिनची ताकद उपयोगी पडत नाही.

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ पाहिला की मोकळ्यावर गाडी घालण्याचा मोह होतो. तो माळ ओसाड दिसतो, पण ओसाड नाही. चिंकारा आणि लांडगा तेथे वावरतात. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांतून वेगळी दिसत नाहीत. चाकाखाली काय आले, हे चालकाला कळतही नाही. म्हणून अशा ठिकाणी वन विभागाने ठरविलेली वाट सोडू नये. कोठेही जाऊ शकणारी गाडी घरी असली, की कोठे जायचे नाही हे ठरविण्याची जबाबदारीही त्या घरावर येते.