पितृपंधरवड्यातली मोजदाद

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या स्टेशनावर पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांतून लेकी-मुले उतरू लागतात. घरोघर म्हाळ घातला जातो, खीर-कढी-वड्यांचे पान बाहेर ठेवून आपण तीन पिढ्यांची नावे घेतो आणि कावळा शिवेपर्यंत घास उचलत नाही. याच दिवसांच्या आगेमागे, 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिन येतो. 2025 साली तर तो नेमका सर्वपित्री अमावास्येलाच आला होता. गेलेल्यांची नावे इतक्या निगुतीने जपणारे आपण, पोटच्या लेकराचेही नाव ज्यांना आठवेनासे झाले आहे अशा हयात वडीलधाऱ्यांची दखल कुठे घेतो, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून आपण तो विषय माजघरातच मिटवतो. आजी जेवून उठते आणि सुनेने उपाशी ठेवले म्हणून शेजारी सांगते. आजोबा मळ्याकडे म्हणून निघतात ते भलत्याच वस्तीवर सापडतात. हा स्वभावाचा दोष नव्हे, स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. पण आजार म्हणून तो दवाखान्याच्या नोंदवहीत चढत नाही, म्हणून सरकारच्या अंदाजपत्रकातही येत नाही, आणि सारा भार घरातल्या एका बाईच्या अंगावर पडतो.

म्हणूनच मोजदादीचे मोल मोठे आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिच्यातूनच साठी ओलांडलेल्या चार हजारांवर वृद्धांची स्मरणशक्ती, दिल्लीच्या एम्सच्या सहभागाने, बारकाईने तपासली गेली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यांत, शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत हे प्रमाण अधिक. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच वाट्याला हे विस्मरण जास्त यावे, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करायला हवी.

अशा तपासणीत वाचून दाखवा, वाक्य लिहा, असे विचारून भागत नाही; जिने पाटी पाहिली नाही ती त्या प्रश्नांत सुरुवातीलाच नापास. म्हणून आपल्याकडच्या निरक्षरांसाठी कसोट्या बदलून घ्याव्या लागल्या. वार कोणता, ऋतू कोणता, गाव कोणते, हे विचारले जाते. यातही आपल्या भागाची जाण हवी. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावठाणाचेच नाव एखादी म्हातारी सांगेल. तिचे उत्तर विस्मरणाचे की जुन्या दुखण्याचे, हे तिच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय कळणार नाही. घरच्या माणसाची साक्ष अशा संशोधनात घेतली जाते ती याचसाठी.

मोजदादीनंतरचे, घरोघर मदत पोचवण्याचे कर्तव्य मात्र राज्याचे आणि जिल्ह्याचे. गोव्यातल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा रुग्णांच्या 81 कुटुंबांच्या एका अभ्यासात थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी गेले. रुग्णाचा आजार त्यांनी बरा केला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. करमाळा तालुक्यातल्या आशाताई वाड्यावस्त्यांवर जातातच. त्यांना हे शिकवणे, मानधन वाढवून हे काम त्यांच्याकडे सोपवणे, अशक्य नाही. रक्तदाब, साखर, दृष्टी आणि विशेषतः ऐकू कमी येणे यांवर वेळीच उपाय झाले, तर स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो, असे 2024 च्या लॅन्सेट आयोगाने सांगितले आहे. तेव्हा कानाची तपासणी आणि श्रवणयंत्र आपल्या आरोग्य केंद्रांत मिळायला हवे. आणि पाहणीची माणसे दारात आली, की ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ असे न म्हणता आपण त्यांना घोंगडे अंथरून बसवावे आणि आजीचे सारे सांगावे.