रंग सगळ्यांना कळतो?

आमच्या मंडळाच्या खोलीत फळ्यावर अर्ज लोहचुंबकानं लावतो. लाल म्हणजे अपुरा, हिरवा म्हणजे तयार. बिदर-कलबुर्गीकडं कुणी कन्नड वाचतं, कुणी मराठी, कुणी उर्दू. रंग मात्र सगळ्यांना कळतो, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

परवा एका मित्रानं लाल चुंबकाखालचा अर्ज तयार समजून पाठवला. एका मुलीची स्पर्धा हुकली. मी चिडलो. तो हळूच म्हणाला, "मला दोन्ही सारखेच दिसतात रे."

लाल-हिरव्यातला फरक न कळणारे युरोपीय वंशाच्या पुरुषांत 100 मागं 8 असतात, आपल्याकडंही आहेतच. म्हणून चुंबक राहू द्या, पण जागा ठरवा: अपुरे डावीकडं, तयार उजवीकडं. आणि वर तिन्ही लिप्यांत लिहा. सोय एकालाही वगळत असेल, तर ती अपुरीच.