कुंभकोणमचे भात आणि परदेशचा भाव

तंजावर जिल्ह्यातले कुंभकोणम म्हटले की देवळे आठवतात, नाहीतर गणिती रामानुजन. भोवतालचा सारा मुलूख कावेरीच्या पाण्यावरच्या भातशेतीचा. कुरुवै आणि सांबा हंगामाचे भात शेतकरी राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळाच्या खरेदी केंद्रावर घालतो. त्याचा हमीभाव दिल्लीत ठरतो. मग जागतिक बाजाराशी त्याचा संबंध काय, असे काही साथी विचारतात.

संबंध आहे. युरोपीय समुदाय आपला जादा गहू निर्यात-सबसिडी देऊन परदेशात खपवीत असे. 1985 साली अमेरिकेनेही तोच मार्ग धरला. दोघांच्या झुंजीत भाव कोसळले आणि ज्या देशांची तिजोरी लहान, त्यांचे शेतकरी भरडले गेले. हिशेबाला रामानुजन नको. शंभर रुपयांचे धान्य मोठ्या देशाने पदरचे तीस घालून सत्तरला विकले, की बाकीच्यांनाही सत्तरच्या आसपासच उतरावे लागते. स्वस्त धान्य आयात करणारा देश खूश होतो, पण त्याचा शेतकरी पेरणी सोडतो. पुढे भाव चढले की तोच देश अडचणीत येतो. 1994 च्या मराकेश कराराने श्रीमंत देशांना हा खर्च 36 टक्क्यांनी कमी करायला सांगितले. ही सबसिडी बंद करण्याचा निर्णय व्हायला मात्र 2015 ची नैरोबी परिषद उजाडली!

पण आमचे म्हणणे केवळ अमेरिका-युरोपपुरते नाही. 2000 च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने रेशनचे भाव वाढविले, उचल घटली आणि 2002 मध्ये सरकारी गोदामांत 6 कोटी टनांहून अधिक धान्य साचले. 2001 पासून भुकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. अशा वेळी गहू-तांदूळ दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाच्या भावाच्या आसपास निर्यातदारांना देण्यात आला. फरक सरकारी तिजोरीने सोसला. आपल्याच वाघिणींतून तो बंदरांवर गेला आणि तांदळाचे आधीच पडलेले जागतिक भाव आणखी दाबले गेले.

तामिळनाडूत 2011 पासून रेशनचा तांदूळ मोफत आहे. तिथेही तिजोरीतूनच पैसा जातो, पण धान्य ताटात पडते आणि परक्या शेतकऱ्याचा भाव पडत नाही. सबसिडीच्या नावाने सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी हा फरक पाहावा. आमच्या महागाई भत्त्याचा निर्देशांकही याच धान्याच्या भावावर हलतो. म्हणून गोदामे पुन्हा तुडुंब भरतील तेव्हा धान्य आधी रेशन दुकानात जावे, बंदरावर नंतर. आणि खरेदी केंद्रावर भात घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव मिळावा, ही मागणी आपल्या मागणीपत्रात असली पाहिजे.