केवढा जनरेटर घ्यावा?

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहावे हा शिष्टाचार. पण आमच्या शिरूरला दिवे लागण्यापेक्षा जाण्याविषयीच अधिक बोलले जाते. ‘लाईट गेली’ असे आपण म्हणतो. या परक्या शब्दाला मराठीने स्त्रीलिंग दिले ते बहुधा विजेच्या नात्याने. आणि ती गेली म्हणजे ज्याची आठवण होते, त्या यंत्राला पाठ्यपुस्तकात ‘जनित्र’ म्हणतात. गेल्या वर्षी मी दुकानात जाऊन हाच शब्द उच्चारला, तेव्हा दुकानदाराने शेजारच्या औषधांच्या दुकानाकडे बोट दाखविले!

हौस म्हणून मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. आमचे नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांची फुप्फुसे थकली, आणि डॉक्टरांनी हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारे यंत्र घरी ठेवावयास सांगितले. ते विजेवर चालते. भारनियमनाचे जुने दिवस आता राहिले नाहीत हे खरे. पण वळवाचा पाऊस घोडनदीवरून चालून आला की तारा कोणाचे ऐकतात?

पहिली खरेदी मी अगदी गणिताने केली. नानांचे यंत्र ३५० वॅट, दोन पंखे १५०, चार दिवे ४०, फ्रीज १५०, बेरीज ६९०. एक केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर साधारण ८०० वॅट देतो, म्हणजे शंभरावर शिल्लकच! मराठीच्या मास्तराचे गणित बरोबर आले, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

तो अभिमान मे महिन्यातल्या एका संध्याकाळपर्यंत टिकला. लाईट गेली, मी दोरी ओढली, सारे सुरू झाले. दहाएक मिनिटांनी फ्रीजने आपले काम आरंभिले मात्र, जनरेटर कण्हला, दिवे मंदावले आणि नानांचे यंत्र शिट्टी वाजवून बंद पडले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खाटेची कड घट्ट धरली. सौभाग्यवतींनी धावत जाऊन फ्रीजची पिन ओढली, मी सिलिंडरची चावी उघडली. ती दोन मिनिटे मी अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनने माझा कागद पाहिला आणि म्हणाला, “सर, हा चालू असतानाचा हिशेब झाला. उचलतानाचा कुठाय?” मोटार असलेली कोणतीही वस्तू सुरू होताना क्षणभर चौपट-पाचपट, कधी त्याहूनही अधिक वीज मागते. १५० वॅटचा फ्रीज त्या क्षणी ७५० मागू शकतो. म्हणजे बेरजेत आणखी ६०० धरावयास हवेत, झाले १,२९०. केव्हीएतून वॅट काढताना ०.८ ने गुणतात, तेव्हा वॅटवरून केव्हीए काढताना तितक्यानेच भागावयाचे: सुमारे १.६. त्यावर चौथा हिस्सा मोकळीक ठेवली की दोन. दोन केव्हीए! माझा अर्धाच होता.

तो आणखी एका गोष्टीवरून माझ्यावर रागावला, आणि त्याचे रागावणे योग्यच होते. पाऊस लागू नये म्हणून मी जनरेटर मागच्या पडवीत ठेवला होता. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास ना रंग; बंद जागेत तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. आता ते यंत्र अंगणात, खिडक्यांपासून दूर, पत्र्याखाली उभे असते. शिवाय त्याने चेंजओव्हर स्विच बसविला. तो नसेल आणि कोणी जनरेटरची वायर सरळ घरच्या प्लगात खुपसली, तर आपली २३० व्होल्टची वीज उलटी जाऊन रोहित्रातून अकरा हजारांची होऊ शकते, आणि तिकडे खांबावर कोणी बिचारा तार जोडीत असतो.

मग मोठाच का घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर दौंडला आहे. आमचे दाजी रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी साडेसात केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला. त्यांच्या यादीत एसी, गिझर, पाण्याची मोटार, सारेच होते. लाईट गेली की प्रत्यक्षात चालतात दोन पंखे आणि टीव्ही. डिझेलचे इंजिन असे अर्धपोटी फार काळ चालले की इंधन पुरते जळत नाही. काजळी साचते, धुराड्यातून काळे तेल ठिबकते. त्यांच्या मेकॅनिकने एका वाक्यात निदान केले: “ह्याला काम द्या.” रात्रभर मनमाडकडच्या गाड्या कानांवरून जात असता गाढ झोपणारे दौंडकर शेजारी या आवाजाने मात्र उठून बसतात. अक्का म्हणते, शेजारणीने हळदीकुंकवाला येणे सोडले.

पाण्याच्या मोटारीचेच पाहा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ती तारेतून हजाराच्या आसपास घेते आणि उचलताना तिप्पट किंवा अधिक. तिच्या एकटीसाठी पाच केव्हीए लागेल. त्यापेक्षा लाईट असताना टाकी भरून ठेवावी.

२००६ साली पुण्याने याच प्रश्नाची मोठी आवृत्ती सोडविली होती. कारखान्यांचे स्वतःचे जनरेटर ऐन टंचाईच्या वेळी चालवावयाचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावयाची, आणि महाग डिझेलचा बोजा ग्राहकांच्या बिलावर जादा आकार लावून वसूल करावयाचा. भारनियमन टळले. शिरूर आणि दौंड त्या योजनेच्या बाहेर. आम्ही मेणबत्त्या लावून पुण्याच्या बातम्या वाचीत असू.

असो. आता आमच्याकडे दोन केव्हीएचा जनरेटर आहे, आणि त्याच्या आधी इन्व्हर्टर. कारण दोरी ओढण्यापुरती मिनिटेही नानांना मोकळी सोडता येत नाहीत. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. हातात येते त्याहून बरेच कमी, म्हणजे एकटे नानांचे यंत्र साडेतीन तासांच्या आसपास. सिलिंडर तरीही भरलेला असतो.

परवा दाजी दौंडहून आले होते. म्हणाले, “प्राध्यापक, आमचा विकायचा म्हणतो. तुमच्यासारखी यादी करून द्या.” मी कागद घेतला. दाजींनी पहिले नाव सांगितले टीव्हीचे, अक्काने सासूबाईंच्या पंख्याचे. चहा दोनदा झाला तरी पहिली ओळ कोरीच.

खाटेवरून नाना ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, “रेडिओला किती लागतं रे?”

“पाचेक वॅट, नाना.”

“मग आपल्या यादीत घाल.”

घातला.