भिंतीतली घरघर

फजरच्या वेळी सगळी इमारत शांत असते. अशा वेळी वजूसाठी नळ अलगद फिरवावा, पाण्याची बारीक धार सोडावी आणि भिंतीतून एकदम 'घर्रर्र' असा आवाज यावा! दीड-दोन महिने आमच्या घरी हेच चालले होते. नळ बंद केला की आवाज थांबे; पण तेवढ्यात शेजारचे तीन महिन्यांचे बाळ जागे होऊन रडू लागे. रात्रभर जागलेली त्याची आई पुन्हा उठून बसे.

आमचा संशय गेला वरच्या मजल्यावर. तिथे नुकतेच बाथरूमचे काम झाले होते. त्यांनीच काहीतरी बिघडवले असणार, हे आम्ही ठरवूनच टाकले. एका रविवारी वर जाऊन जरा चढ्या आवाजात बोलूनही आलो. घरातल्या भाईजानांनी ऐकून घेतले आणि "बघून घेतो" एवढेच म्हणाले.

दोन दिवसांनी एक जुने जाणते प्लंबर चाचा आले. त्यांनी काहीही न उघडता डक्टमधला आमच्या घराचा मुख्य कॉक बंद केला. मग वरच्यांना आणि शेजाऱ्यांना नळ सोडायला सांगितले. आवाज नाही. आमचा कॉक उघडून एकच नळ बारीक सोडला, तर लगेच घरघर सुरू. "आवाज तुमचाच आहे," चाचा म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

दोष होता डक्टमधल्या प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा. आमची इमारत २१ मजल्यांची, टाकी गच्चीवर आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार प्रेशर वाढते. म्हणजे आमच्यापर्यंत ते साडेपाच बारच्या आसपास पोचते. घरातल्या नळांना दोन ते तीन बार पुरेसे असते. त्याहून जास्त प्रेशर सतत राहिले, तर नळांचे वॉशर लवकर जातात, जोडनळ्या फुटतात, गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागते. म्हणून खालच्या मजल्यांना हा व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या आत स्प्रिंग आणि रबरी पडदा असतो. घरातले प्रेशर वाढले की तो वाट अरुंद करतो, कमी झाले की उघडतो.

या वाटेत वाळूचा कण अडकला किंवा रबर झिजले, की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि थरथरू लागतो. ही थरथर बारीक धारेलाच जास्त होते, कारण तेव्हा तो जेमतेम उघडलेला असतो. वजूला पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही धार बारीक ठेवत होतो आणि नेमकी तीच घरघर जागी करत होती. डक्टमधला पाइप तीच थरथर शेजारच्या भिंतीपर्यंत नेत होता.

प्रत्येक आवाजाचे कारण मात्र हेच नसते. नळ झटकन बंद केल्यावर 'धाड्' असा आवाज आला, तर तो वाहते पाणी एकदम अडल्याचा धक्का असतो. नळ सावकाश बंद करावा आणि पाइपाचे क्लॅम्प ढिले झाले आहेत का ते पाहावे. फ्लशची टाकी भरत येताना गुणगुण झाली, तर बॉलकॉक तपासावा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळ फसफसला, तर ती पाइपात शिरलेली हवा. थोडे पाणी सोडले की जाते. एकाच नळाला शिट्टी येत असेल, तर दोष बहुधा त्या नळाच्या वॉशरचा असतो. घरातल्या सगळ्या नळांना घरघर असेल, तर व्हॉल्व्हकडे वळावे.

चाचांनी आधी प्रेशरचा काटा जोडला आणि सगळे नळ बंद ठेवले. काटा अडीच बारवर थांबायला हवा होता. तो हळूहळू चढत चारच्या वर गेला. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. मग मुख्य कॉक बंद करून, नळ उघडून पाइपातले प्रेशर सोडले आणि व्हॉल्व्ह खोलला. जाळीत वाळू, सिमेंटचे कण आणि टेफलॉन टेपचे तुकडे निघाले. आतल्या वॉशरला खाच पडली होती. जाळी धुतली, रबराचा नवा संच घातला आणि काट्याकडे पाहत स्क्रू थोडा थोडा फिरवून अडीचवर आणला. काटा तिथेच राहिला. बारीक धार सोडली, तर फक्त पाण्याचा आवाज.

स्क्रूला हात लावण्याचा मोह आम्हालाही झाला होता. पण काटा न लावता तो पिळू नये. उजवीकडे फिरवला की प्रेशर वाढते आणि त्याचा भार नळांवर, गिझरवर येतो. फारच कमी केले, तर व्हॉल्व्हवरचा ताण आणि आवाज दोन्ही वाढू शकतात. व्हॉल्व्ह अनेक घरांचा सामाईक असेल, तर सोसायटीला लेखी कळवावे. परस्पर खोलू नये. दुरुस्ती होईपर्यंत वजूचे पाणी रात्रीच लोट्यात भरून ठेवावे. पाणीही कमी लागते आणि कुणाची झोपही मोडत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही वर गेलो. कळले की आमच्या बोलण्यामुळे त्यांनी सोमवारी कामावर सुट्टी घेऊन, पदरचे पैसे देऊन आपला सगळा पाइप तपासून घेतला होता. आम्ही माफी मागितली आणि पैसे देऊ केले. भाईजानांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घ्यायला लावला. तो घेताना आमची मान खालीच होती.

शेजारच्या बाळाची आई दुसऱ्या दिवशी दारात भेटली. "आज पहाटे नळ सोडलाच नाहीत का?" तिने विचारले. सोडला होता. आता टाकी धुतली गेली की दुसऱ्या दिवशी जाळी साफ करायची, हे आम्ही डक्टच्या दाराला आतून लिहून ठेवले आहे. आणि तक्रारीला जाण्याआधी आपला कॉक बंद करून पाहायचा, हे लिहायची गरज उरलेली नाही.