म्हाताऱ्यांना यंत्रं नकोत?

‘म्हाताऱ्या माणसांना नवं काही नको असतं’ हे वाक्य आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात ऐकू येतं. पेन्शनरांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा हा महिना. काउंटरच्या आत बसून मीही ते वाक्य पुष्कळदा म्हटलं आहे. आज ते जाहीरपणे परत घेतो.

२०१४ साली सरकारने ‘जीवन प्रमाण’ काढलं. यंत्रावर बोट ठेवा, हयात ठरा! म्हातारी मंडळी मुकाट्याने बोट पुढे करून उभी राहिली. नाही म्हटलं ते यंत्राने. जन्मभर भांडी घासून, कापूस वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांना ते ओळखेचना. पुढे २०२१ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय झाली आणि तीच मंडळी नातवाच्या मदतीने घरबसल्या हयात होऊ लागली. आता सांगा, सुधारायला कोणाला हवं होतं? म्हाताऱ्यांना की यंत्राला?

पण माझे डोळे खरे उघडले ते वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीला, आमच्या घरी. आई तिथं एकटी राहते. माझ्याकडे अकोल्याला यायला तयार नाही. म्हणून मी ओसरीवर कॅमेरा लावला आणि माणूस पडलं की मुलाला कळवणारं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यावर बाबांची जुनी टोपी चढली. तिसऱ्या दिवशी घड्याळाने आई पडल्याचं कळवलं. कॅश साहेबांच्या हवाली करून मी धावत मेडशी गाठली. आई धुण्याच्या दगडावर गोधडी आपटत होती! हात जोरात खाली आला की माणूस पडलं, एवढंच त्या घड्याळाला ठाऊक. गोधड्या त्याच्या हिशेबात नव्हत्या.

मी चिडून म्हणालो, “आई, तुला नवं काही नकोच असतं!”

हे मी कोणाला म्हणालो? नात परगावी शिकायला गेल्यावर दोन दिवसांत व्हिडिओ कॉल शिकून, रोज संध्याकाळी तिच्या मेसच्या ताटाची झडती घेणाऱ्या बाईला!

आई शांतपणे म्हणाली, “बाबू, मी पडली तं तुले समजते. तू पडला तं मले कोन सांगते? आन दुसरं घड्याळ. तुयी धडधड मले बी दिसू दे.”

मुद्दा एवढाच आहे. व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही बाजूंनी दिसतं, म्हणून तो तिने उचलला. कॅमेऱ्यात एकाच बाजूने दिसतं, म्हणून त्याला टोपी. म्हाताऱ्यांना यंत्राचं वावडं नाही. वावडं आहे ते न विचारता ठेवलेल्या पाळतीचं. आपण त्या पाळतीला काळजी म्हणतो.

दुसरं घड्याळ मी अजून घेतलेलं नाही. माझी जागरणं, माझी धडधड आणि बँकेच्या वेळात टपरीवर होणाऱ्या माझ्या फेऱ्या आईला मेडशीत बसून दिसाव्यात, एवढं नवं काही स्वीकारायची माझी तयारी नाही.

माझंच वय झालं म्हणायचं!