चिमणी उंच झाली, पायथ्याच्या गावाचे काय?

रेवदंड्याच्या कोटात शिरले की नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोके वर काढून उभा असलेला सातखणी मनोरा दिसतो. सात खणांचा म्हणून सातखणी. वरचे खण केव्हाच ढासळले, तरी गावात वाट चुकलेला पाहुणा अजून त्याच्याच खुणेने वाट काढतो. पोर्तुगीजांना निजामशाहीकडून इथे वखार घालायची परवानगी मिळाली ती १५१६ साली. पुढे कोट झाला, त्यात चर्च आली, मठ आले, मनोरे आले. १७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला आणि १८१८ नंतर इंग्रजांकडे गेला. राज्ये आली नि गेली, पण पंचक्रोशीत उंच काय, असे विचारले तर पिढ्यानपिढ्या सातखणीकडेच बोट जात असे.

आता तसे राहिले नाही. कुंडलिका खाडीपलीकडे पाहिले की साळावच्या लोखंड कारखान्याचा सांगाडा दिसतो. अलिबागच्या पुढे गेले की थळच्या खत कारखान्याचे मनोरे दिसतात. मोबाईलचा टॉवर तर दर दोन गावांआड एक. उंच बांधकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईच्या गगनचुंबी इमारती येतात. पण देशातली खरी उंच बांधकामे बरीचशी खेड्यापाड्यांच्या शेजारीच उभी आहेत. त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. तो आज विचारण्याचे कारणही तसेच घडले आहे.

उंची कशासाठी लागते?

देशातले सर्वांत उंच बांधकाम कोणते, असे परीक्षेत विचारले तर निम्मी पोरे मुंबईच्या इमारतीचे नाव लिहितील. उत्तर आहे तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यातले विजयनारायणम हे गाव. तिथल्या नौदलाच्या केंद्रात ४७१ मीटर उंचीचा खांब तारांच्या ताणावर उभा आहे. पाण्याखाली असलेल्या पाणबुड्यांना संदेश धाडण्यासाठी तो लागतो. हे केंद्र १९९० पासून कामात आहे. रामेश्वरमचा दूरदर्शन मनोरा ३२३ मीटरचा. आणि शिवाय औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्या. देशात जागोजागी त्या उभ्या आहेत आणि कित्येकींची उंची नेमकी २७५ मीटर आहे.

कुठलीही उंची हौसेसाठी नसते, तिला काहीतरी काम असते. थळच्या कारखान्यात युरियाचा वितळलेला रस मनोऱ्याच्या माथ्यावरून शिंपडतात. खाली पडता पडता त्याचे थेंब हवेने थंड होऊन दाणे बनतात. शेतात आपण जो पांढरा दाणा फेकतो तो असा उंचावरून पडलेला. साळावच्या प्रकारच्या कारखान्यात लोहखनिज वरून सोडतात आणि तापवलेला वायू खालून चढवतात, म्हणून भट्टी उभी लागते. उलट कोर्लईचा दीपगृहाचा मनोरा बुटका चालतो, कारण डोंगराने त्याला आयती उंची दिली आहे.

वीज केंद्राच्या चिमणीचे काम मात्र वेगळे. धूर लांब टाकणे, एवढेच तिचे काम. कोळशात गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो जमिनीजवळ साचला तर छातीला बाधतो, पानांनाही बाधतो. चिमणी उंच असली की वायू वरच्या वाऱ्यात मिसळतो, पांगतो आणि खाली येईपर्यंत विरळ होतो. म्हणून सरकारी निकष ठरला की संच ५०० मेगावॅट किंवा त्याहून मोठा असेल तर चिमणी २७५ मीटर हवी, आणि २०० ते ५०० मेगावॅटपर्यंतचा असेल तर २२० मीटर. सगळीकडे तोच आकडा का दिसतो, त्याचे कारण हे.

यात एक गोम आहे. चिमणी कितीही उंच केली तरी गंधक रत्तीभरही कमी होत नाही. पाटलाच्या दारातला केर झाडून कुळाच्या दारात लोटावा, तसा हा प्रकार. जवळच्या गावाला थोडा दिलासा मिळतो, पण लांबच्या गावाला आपल्याकडे काय येते आहे हेच कळत नाही. तो वायू हवेत फिरता फिरता त्याचे बारीक कण बनतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात.

जवळच्या गावालाही दिलासा पूर्ण नाहीच. आपण किनाऱ्यावरची माणसे, वाऱ्याचा स्वभाव आपल्याला कोणी शिकवायला नको. दुपारी खारे वारे समुद्रावरून आत येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. समुद्रावरची गार हवा तापलेल्या जमिनीवर आली की ती ढवळते आणि वरून जाणारा धूर कधीकधी एकदम खाली उतरतो. म्हणजे कागदावर धूर वर, आणि प्रत्यक्षात तो बागेत.

डहाणूने काय केले?

हे सगळे आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणूला घडून गेले आहे. तिथले ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाले. २५० मेगावॅटचे दोन संच, आणि चिमणी २७५ मीटरची. चिकूच्या बागा, आदिवासी पाडे, मच्छीमारांची गावे आणि त्यांच्यामध्ये ही चिमणी.

डहाणूकर नुसते आरडाओरडा करून थांबले नाहीत. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांच्या जागेला ५०० एकरांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राला परवानगी मिळाली, पण त्याबरोबर धुरातले गंधक काढण्याचा आग्रहही कागदावर आला. १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी खास पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्या कामात राहिले.

प्राधिकरणाने एकच गोष्ट लावून धरली. चिमणी उंच आहे हे ठीक, पण धूर धुणार कधी? समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन गंधक काढणारी यंत्रणा शेवटी २००७ मध्ये बसली. १९९१ ते २००७ म्हणजे सोळा वर्षे लागली. तेव्हा पहिलीत गेलेले पोर तोवर कॉलेज संपवून बाहेर पडले. पण बसली हे खरे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिमणी आणि चिकू एकाच तालुक्यात नांदू शकले ते चिमणीच्या उंचीमुळे नव्हे. गावाने, वकिलांनी आणि एका चिकट प्राधिकरणाने पाठ सोडली नाही, म्हणून.

उंचीवर भिस्त ठेवल्यावर काय होते, हे जगानेही पाहिले आहे. कॅनडात सडबरी हे निकेलच्या खाणींचे शहर. गंधकाच्या धुराने तिथले डोंगर बोडके झाले होते. १९७२ मध्ये ३८१ मीटरची चिमणी उभी राहिली. शहराची हवा सुधारली, पुढे झाडेही लावली गेली. पण धूर लांब लांब जाऊ लागला आणि आम्ल पावसाची तक्रार दूरच्या तळ्यांवरून येऊ लागली. अखेर कारखान्यालाच गंधक पकडावे लागले. ते बरेचसे पकडल्यावर एवढ्या मोठ्या चिमणीचे कामच उरले नाही आणि २०२० मध्ये ती वापरातून काढली. धूर धुतला तर चिमणी उंच लागत नाही, हा त्यातला धडा.

आता काय बदलले?

आपल्या सरकारनेही २०१५ च्या डिसेंबरात औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घालून दिली होती. म्हणजे बहुतेकांना धूर धुण्याची यंत्रणा बसवणे भागच होते. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. आणि २०२५ च्या जुलैत नवी अधिसूचना आली. देशातल्या केंद्रांचे तीन गट झाले. राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांहून मोठ्या वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना यंत्रणा बसवावीच लागेल. आधीच प्रदूषित ठरलेल्या भागांतल्या केंद्रांचा निर्णय एकेकाचे पाहून होईल. उरलेल्यांना गंधकाच्या मर्यादेतून सूट. हे उरलेले किती? सुमारे चार पंचमांश. त्यांच्यावर अट एकच, चिमणीच्या उंचीचा १९९० चा निकष पाळा.

म्हणजे फिरून आपण चिमणीच्या उंचीपाशीच आलो.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्या देशी कोळशात गंधक तुलनेने कमी आहे. बहुतेक ठिकाणी हवेतला हा वायू मर्यादेच्या आत मोजला गेला आहे. यंत्रणा महाग, तिचा खर्च विजेच्या बिलात येणार. चुनखडीची यंत्रणा असेल तर चुनखडी खणा, वाहा आणि वर कर्बवायू सोडा. यातला एकही मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शेतीपंपाचे बिल भरणाऱ्याला तर तो लगेच पटेल.

पण दोन गोष्टी खटकतात. पहिली, हवेत वायू कमी मोजला याचा अर्थ त्याचे बारीक कण झाले नाहीत असा होत नाही. दुसरी जास्त खटकणारी. मोठ्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत माणूस राहत असेल तर त्याच्यासाठी धूर धुवायचा, खेड्यात राहत असेल तर उंच चिमणी पुरे. फुप्फुस शहरातले आणि फुप्फुस खेड्यातले, यात फरक तो काय? गर्दी जास्त तिथे आधी, हा हिशेब समजतो. पण 'आधी' म्हणणे वेगळे आणि 'तुम्हाला नकोच' म्हणणे वेगळे.

आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, रायगडात कुठे आले कोळशाचे मोठे केंद्र? उरणचे सरकारी वीज केंद्र तर वायूवर चालते. खरे आहे. पण आपल्याच अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडला १६०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र यायचे घाटत होते, हे विसरून चालणार नाही. एमआयडीसीने जमीन संपादनाला हात घातला. खारबंदिस्तीच्या आतली भातशेती वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. केंद्र काही उभे राहिले नाही. ते झाले असते तर एवढ्या मोठ्या केंद्राची चिमणी सातखणीला खुजी करून गेली असती. पुढे त्याच पट्ट्यात कागदाच्या मोठ्या कारखान्याची घोषणा झाली. आज कागद, उद्या आणखी काही. किनारा आहे, खाडी आहे, मुंबई जवळ आहे. उंच बांधकामांची नजर आपल्यावर राहणारच.

कारखाने नकोत, असे म्हणणे सोपे आहे आणि ते खोटेही आहे. थळ-साळावच्या नोकऱ्यांवर आपल्याकडची किती घरे उभी राहिली ते ज्याचे त्याला ठाऊक. प्रश्न एवढाच की सही करण्याआधी गावाने काय विचारायचे.

कायद्याने एक हत्यार गावाच्या हातात दिले आहे, ते म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ठराविक मोठ्या प्रकल्पांसाठी ती घ्यावी लागते. त्याची किमान तीस दिवस आधी नोटीस निघते. प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा मसुदा आणि मराठीतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला मिळाला पाहिजे. आपल्याकडे होते काय? सुनावणीच्या दिवशी मंडप भरतो, घोषणा होतात, माईक ओढला जातो आणि अहवाल कोणी उघडलेलाच नसतो. इतिवृत्तात ओळ पडते ती 'ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली' अशी.

त्याऐवजी चार साधे प्रश्न लेखी द्यावेत. चिमणीतून काय बाहेर पडणार आणि ते धुणार की नुसते उंचावर सोडणार? खारे वारे वाहताना धूर कुठल्या गावावर उतरेल, याचा नकाशा कुठे आहे? चिमणीवरची मोजणी रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल का? आणि गरम पाणी, राख, सांडपाणी कुठल्या खाडीत जाणार? लेखी प्रश्नाला कंपनीला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि तोच कागद पुढे न्यायालयात उभा राहतो. डहाणूची सोळा वर्षे अशा कागदांवरच लढली गेली.

दिव्याखाली अंधार, असे आपण म्हणतो. दिव्याचे ते चालून जाते, कारण तेल आपण घातलेले असते आणि उजेडही आपल्याच घरात पडतो. चिमणीची वीज मुंबईला, नफा भागधारकांना आणि धूर ज्याच्या नशिबी त्याला, असे वाटप मात्र चालायचे नाही. सातखणी बांधताना रेवदंड्याच्या रयतेला कोणी विचारले नव्हते. ते राज्य परक्यांचे होते. आज ग्रामसभा आपली आहे, इतिवृत्ताचे पुस्तकही आपलेच आहे. पुढच्या सभेला हे चार प्रश्न त्यात लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.